एक फर्मान आणि अकरा गीते

मॉस्कोच्या बल्शोय नाट्यगृहात ५ जानेवारी १९४८ रोजी स्टालिन एक नवी संगीतिका पाहावयास गेला, आणि तेथे त्याच्या मनात जी नाराजी उत्पन्न झाली तिच्यातून पुढील पाच आठवड्यांत असे राजकीय वादळ उठले की त्याच्या तडाख्यातून सोव्हिएत संगीतातील क्वचितच एखादा श्रेष्ठ रचनाकार सुटला. ती संगीतिका वानो मुरादेली या जॉर्जियात जन्मलेल्या रचनाकाराची असून तिचे नाव ‘महान मैत्री’ असे होते. कॉकेशसमधील जमातींचा क्रांतिकालीन इतिहास तिच्यात पक्षाला रुचेल असा आलेला नव्हता, आणि ‘लेझगिंका’ या सर्वांच्या परिचयाच्या लोकनृत्याची मूळ धून बाजूस सारून मुरादेलीने तेथे स्वतः रचलेली धून योजली होती. वरवर पाहता बाब क्षुल्लक होती. परंतु युद्धसमाप्तीनंतर लेखक, चित्रपटकार आणि नाटककार यांना एकामागून एक वठणीवर आणण्याचे जे काम आंद्रेई झ्दानॉव याच्याकडे सोपविलेले होते त्यात संगीताची पाळी अद्याप यावयाची राहिली होती, आणि मुरादेलीच्या संगीतिकेने तिला निमित्त पुरविले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झ्दानॉवने संगीतकारांना पक्षाच्या केंद्रीय समितीच्या कचेरीत पाचारण केले आणि अनेक दिवस त्यांच्याकडून परस्परांची उणीदुणी काढवून घेतली. १० फेब्रुवारी रोजी समितीचा ठराव संमत झाला. मथळ्यात मुरादेलीच्या संगीतिकेचे नाव असले तरी ठरावाचा रोख शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियन, शेबालिन, पोपोव्ह आणि म्यास्कोव्स्की या सहाजणांवर होता. त्यांच्यावर आरोप ठेवला गेला तो ‘रूपवादा’चा, म्हणजे त्यांचे संगीत जनतेला अगम्य आहे, लोकगीतांच्या परंपरेपासून ते तुटलेले आहे आणि पाश्चात्त्य अवनतीच्या वासाने भारलेले आहे, असा. काही दिवसांतच कोणत्या रचना यापुढे वाजवावयाच्या नाहीत याची यादी संगीतगृहांकडे रवाना झाली. ज्या दिमित्री शोस्ताकोविचच्या सातव्या सिंफनीने वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राड शहराला ९ ऑगस्ट १९४२ रोजी उपासमारीतही धीर दिला होता, त्याला सुमारे सहा वर्षांतच मॉस्को आणि लेनिनग्राड येथील दोन्ही संगीतविद्यालयांच्या अध्यापकपदावरून बडतर्फ करण्यात आले.

शोस्ताकोविचला असा प्रसंग नवा नव्हता. २८ जानेवारी १९३६ रोजी ‘प्रावदा’ या पक्षाच्या वृत्तपत्राने एका निनावी अग्रलेखातून त्याच्या ‘म्त्सेन्स्क परगण्यातील लेडी मॅकबेथ’ या संगीतिकेची अशीच निर्भर्त्सना केली होती. पुढील दोन वर्षांत त्याचे अनेक स्नेही आणि आप्त तुरुंगात गेले, त्याची चौथी सिंफनी तालमीतूनच मागे घ्यावी लागली आणि पाचवीच्या यशाने त्याची कशीबशी सुटका झाली. त्यामुळे १९४८ च्या एप्रिलमध्ये तिखॉन ख्रेन्निकोव याच्या नेतृत्वाखाली भरलेल्या संगीतकार संघाच्या पहिल्या अधिवेशनात व्यासपीठावर उभे राहून त्याने टीका मान्य केली, लोकसंगीताचा आधार घेऊन सुगम आणि स्वरमधुर रचना करण्याचे आश्वासन दिले, आणि उदरनिर्वाहासाठी चित्रपटांना संगीत देण्याचे काम पत्करले, याचे नवल वाटावयास नको. त्याला कुटुंब होते, दोन लहान मुले होती, आणि बारा वर्षांपूर्वीच्या रात्री तो विसरलेला नव्हता. मात्र दिलेले हे आश्वासन त्याने त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात ज्या रीतीने पाळले, त्या रीतीत या लेखाचा सगळा विषय सामावलेला आहे.

त्याआधी जानेवारीतल्याच आणखी एका घटनेकडे वळले पाहिजे. झ्दानॉवची सभा चालू असतानाच, १३ जानेवारीच्या सकाळी, मिन्स्क शहरातील एका रस्त्यावर बर्फात सोलोमन मिखोएल्स याचा मृतदेह आढळला. मिखोएल्स हा मॉस्कोच्या शासकीय ज्यू रंगभूमीचा प्रमुख असून यिद्दिश भाषेत त्याने उभा केलेला ‘किंग लिअर’ हा त्या काळच्या युरोपीय रंगभूमीचा एक अलंकार मानला जाई. युद्धकाळात फॅसिस्टविरोधी ज्यू समितीचा अध्यक्ष या नात्याने अमेरिकेचा दौरा करून त्याने सोव्हिएत युद्धकार्यासाठी मोठा निधी जमविला होता. मोटार अपघातात त्याचा अंत झाला असे जाहीर करण्यात आले आणि शासकीय इतमामाने त्याची अंत्ययात्रा निघाली. हा अपघात नसून राज्याच्या गुप्त पोलिसांनी केलेला खून होता, ही गोष्ट शासनाच्याच कागदांत नमूद झाली ती स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९५३ च्या एप्रिलमध्ये पोलीसखात्याचा नवा प्रमुख बेरिया याने पक्षनेतृत्वाला सादर केलेल्या टिपणात. मिखोएल्सची कन्या नतालिया हिने पुढे आठवण सांगितली आहे की ती वार्ता आली त्या दिवशी शोस्ताकोविच सभेतून उठून त्यांच्या घरी आला, तिला आणि तिच्या पतीला त्याने मूकपणे जवळ घेतले, आणि जो गेला त्याचा आपल्याला हेवा वाटतो असे तो हलक्या आवाजात म्हणाला. नतालियाचा हा पती म्हणजे मिएचिस्लाव वाइनबर्ग. १९३९ मध्ये वॉर्सा सोडून पायी निघालेला हा तरुण पोलिश ज्यू रचनाकार मिन्स्क आणि ताश्कंद असा प्रवास करीत शोस्ताकोविचच्याच खटपटीने १९४३ मध्ये मॉस्कोस येऊन स्थिरावला होता. मागे राहिलेली त्याची आई, वडील आणि बहीण नाझींच्या हातून मारली गेली होती.

शोस्ताकोविच स्वतः ज्यू नव्हता. तथापि ज्यू लोकसंगीताविषयीचे त्याचे आकर्षण जुने होते, आणि त्याला केवळ रसिकाचे कुतूहल म्हणता येणार नाही. व्हेनियामिन फ्लाइशमान हा त्याचा आवडता विद्यार्थी १९४१ मध्ये लेनिनग्राडच्या संरक्षणार्थ स्वयंसेवक म्हणून गेला आणि मारला गेला. चेखॉवच्या ‘रॉथशिल्डचे व्हायोलिन’ या कथेवरील त्याची अपुरी राहिलेली संगीतिका गुरूने स्वतः पूर्ण केली आणि तिचे वाद्यवृंदीकरणही केले. ती पूर्ण केली त्याच वर्षी, म्हणजे १९४४ मध्ये, आपला जिवलग मित्र इवान सोल्लेर्तिन्स्की याच्या स्मरणार्थ लिहिलेल्या दुसऱ्या पियानो त्रयीच्या अखेरच्या भागात त्याने ज्यू नृत्याची एक अशी धून आणली की ती ऐकताना पाय थिरकावेत की डोळे मिटून घ्यावेत हे ऐकणाऱ्याला उमगू नये. सोव्हिएत सैन्य पश्चिमेकडे सरकत होते आणि छळछावण्यांतील वृत्ते वर्तमानपत्रांतून नुकतीच येऊ लागली होती, तो हा काळ. ज्यूंच्या लोकसंगीतात हास्य आणि अश्रू एकमेकांपासून निवडून काढता येत नाहीत, ही गोष्ट त्याला अतिशय जवळची वाटत असे. तोंडाने एक बोलावे आणि मनात दुसरे बाळगावे अशी ज्याच्यावर आयुष्यभर पाळी आली, त्या माणसाला ती तशी वाटावी हे स्वाभाविकच होते.

अशा मनःस्थितीत त्याच्या हाती एक पुस्तक आले. दोब्रुशिन आणि युदित्स्की या दोघांनी संकलित केलेला आणि लोकसाहित्याचे मान्यवर अभ्यासक यूरी सोकोलोव्ह यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेला ‘ज्यू लोकगीते’ हा संग्रह १९४७ मध्ये मॉस्को येथे प्रसिद्ध झाला होता. त्यात यिद्दिश गीतांचे रशियन अनुवाद होते. कॅथरीन राणीच्या कारकिर्दीपासून, म्हणजे १७९१ पासून, रशियन साम्राज्यातील ज्यूंना पश्चिमेकडील सीमाप्रांतांतच वस्ती करण्याची मुभा असे. त्या पट्ट्यातील दाटीच्या, दरिद्री गावांतून शिंपी, चांभार, भंगारवाले आणि फेरीवाले यांच्या तोंडी जी गाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, ती विसाव्या शतकाच्या आरंभी काही निष्ठावान मंडळींनी गोळा करण्यास प्रारंभ केला. सेंट पीटर्सबर्गमध्ये १९०८ साली ज्यू लोकसंगीतासाठी एक संस्थाच निघाली होती. गाणारी ती गावे हिटलरच्या सैन्याने १९४१ नंतर समूळ नष्ट केली. म्हणजे १९४७ चा संग्रह वाचणाऱ्याच्या हाती जी गीते पडत होती, त्यांतील बहुतेक गीते गाणारे कंठ पाच-सहा वर्षांपूर्वीच कायमचे मिटलेले होते.

१९४८ च्या ऑगस्ट महिन्यात शोस्ताकोविचने या संग्रहातील आठ कवितांना चाली दिल्या. शूबर्ट आणि शूमान यांच्यापासून युरोपात रूढ झालेला गीतमालेचा प्रकार त्याने त्यासाठी निवडला: काही कविता एका सूत्रात ओवावयाच्या, त्यांना एकाच रचनाकाराने चाल द्यावयाची, आणि एक गायक व एक पियानोवादक यांनी त्या आरंभापासून अखेरपर्यंत क्रमाने सादर करावयाच्या. शूबर्टची १८२७ ची ‘हिवाळी प्रवास’ ही चोवीस गीतांची माला या प्रकारातील शिखर मानली जाते. रशियात मुसोर्ग्स्कीने ‘मृत्यूची गीते आणि नृत्ये’ या मालेत पियानोला केवळ साथीदार न ठेवता प्रसंगातील एक पात्र बनविले होते, आणि शोस्ताकोविचचा खरा पूर्वज तोच होय. शोस्ताकोविचने मात्र एकाऐवजी तीन गळे घेतले: स्त्रीचा एक उंच आवाज, दुसरा खर्जाकडे झुकणारा आणि पुरुषाचा टेनर, त्यामुळे ही माला एका व्यक्तीच्या अंतःकरणाची रोजनिशी न राहता एका वस्तीतील घराघरांतून ऐकू येणारा संवाद बनते. वाद्यवृंद लागत नाही, सभागृह लागत नाही, परवान्याची आवश्यकता नाही. एक पियानो असलेली खोली आणि विश्वासाची चार माणसे एवढ्यावर ती उभी राहते. बंदी घातलेल्या रचनाकाराला याहून सोयीचे दुसरे रूप नव्हते.

पहिले गीत हे तान्ह्या मुलाच्या मृत्यूवरचा विलाप आहे. दोन स्त्रिया परस्परांना प्रश्न विचारतात आणि उत्तरे देतात. काय जन्मले, नाव काय ठेवले, कोठे निजविले, खावयास काय घातले, कोठे पुरले, अशा साध्या प्रश्नोत्तरांच्या पायऱ्या उतरत ते गीत खड्ड्यापाशी पोहोचते, आणि खावयास मिळाले ते पाव आणि कांदा एवढेच. दुसऱ्या गीतात आई आणि मावशी बाळाला गोंजारीत बाप गावाहून काय काय आणणार आहे याची यादी सांगतात. तिसरे अंगाईगीत, पण त्यातील बाळाचा बाप झारच्या हुकुमाने बेड्या घालून सैबेरियात पाठविलेला आहे, आणि आई जागी राहून झोके देते आहे. चौथ्यात दोन प्रेमिक दीर्घ विरहापूर्वी भूतकाळातील भेटी आठवतात, पाचव्यात एका तरुणीला कोणाबरोबर फिरावयास जाऊ नकोस असा इशारा मिळतो. सहाव्यात एक वृद्ध भंगारवाला, पोलीस अधिकाऱ्याबरोबर निघून गेलेल्या आपल्या लेकीला परत येण्याची विनवणी करतो, तिला वस्त्रे-अलंकारांचे आमिष दाखवितो, आणि लेक मात्र त्या म्हाताऱ्या ज्यूला हाकलून द्या असे अधिकाऱ्याला सांगते. तिच्या उत्तरानंतर बापाची हाक जी पुन्हा पुन्हा उमटत राहते, ती ऐकल्यावर काही काळ दुसरे काही ऐकवत नाही. सातवे गीत दारिद्र्याचे आहे, पण त्याची लय मात्र नाचाची: बकरी छपराचे गवत खात आहे, कोळी जाळे विणीत आहे, मूल दुपट्यावाचून पाळण्यात पडले आहे, आणि पियानो उड्या मारीत आहे. आठव्यात हिवाळा परत येतो. आजारी बायको, आजारी मूल, चुलीत घालावयास लाकडाचा तुकडा नाही. येथे प्रथमच तिन्ही गळे एकत्र येतात आणि मुलांनो, रडा, हिवाळा परत आला आहे, अशा अर्थाच्या आक्रोशात त्यांचा आवाज शिगेस पोहोचतो.

या गीतांसाठी शोस्ताकोविचने प्रचलित धुना उचलल्या नाहीत. त्याने शब्द लोकांचे घेतले, चाली स्वतःच्या रचल्या, आणि तरीही त्या चाली एखाद्या जुन्या वस्तीतून आल्यासारख्या वाटतात, कारण तिच्या संगीताचे व्याकरण त्याने आत्मसात केले होते. ज्यू लोकसंगीतातील एका प्रमुख स्वररचनेत कोमल ऋषभानंतर एकदम शुद्ध गंधार येतो, आणि वर धैवत व निषाद कोमल असतात. आपल्याकडील बसंतमुखारी रागाचे स्वर ज्याच्या कानात आहेत त्याला ही रचना परकी वाटणार नाही. ऋषभ आणि गंधार यांच्यामधले ते मोठे अंतर हाच या संगीतातील हुंदका होय. त्याच्या जोडीला एकच स्वर आघाताने दोनदा उच्चारण्याची लकब, पियानोच्या डाव्या हातात लग्नातील वाजंत्र्यांचा ठेका, आणि शब्द करुण असता लय हसरी ठेवण्याची रीत. ठरावाने मागितलेली प्रत्येक गोष्ट येथे होती: लोकांची कविता, ओळखता येणारी चाल, स्पष्ट लय, क्लिष्टतेचा अभाव. झ्दानॉवला ती ऐकण्याचा योग मात्र आला नाही. ऑगस्ट संपता संपता, ३१ तारखेला, तो मरण पावला.

२५ सप्टेंबर रोजी, आपल्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, शोस्ताकोविचने घरी जमलेल्या स्नेह्यांना ही गीते ऐकविली. नीना दोर्लियाक ही गायिका आरंभापासून या मालेशी संलग्न होती. ती आणि तिचा जीवनसहचर असलेला विख्यात पियानोवादक स्व्यातोस्लाव रिश्टर हे दोघेही त्या अल्प वर्तुळातले होते. गीते मित्रमंडळींत गाइली जाऊ लागली, आणि ऑक्टोबरमध्ये रचनाकाराने त्यांना आणखी तीन जोडली. या तीन गीतांत झारचा काळ सरून सोव्हिएत काळ येतो. सामूहिक शेतावरील सुखी जीवन नवव्यात, कुरणात बासरी वाजविणारी मुलगी दहाव्यात, आणि अकराव्यात एका वृद्ध चांभाराची बायको पतीला हाताला धरून नाटकाला नेते, पुढच्या रांगांची तिकिटे काढते आणि आपले पुत्र डॉक्टर झाले आहेत हे साऱ्या देशाला ओरडून सांगते.

या मालेविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे हा ज्यूद्वेषाच्या लाटेविरुद्ध केलेला गुप्त निषेध होय. दुसऱ्या मताप्रमाणे लोकसंगीताकडे वळण्याच्या आज्ञेचे पालन करण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता, आणि निवडलेले लोक नेमके ज्यू निघाले हे रचनाकाराचे दुर्दैव. घटनांचा क्रम पाहता यांपैकी कोणत्याही एका मतावर संपूर्ण भार टाकता येत नाही. १९४८ च्या मे महिन्यात इस्रायल राष्ट्राला तत्काळ मान्यता देणाऱ्यांत सोव्हिएत शासन अग्रभागी होते. ज्यू लोकगीतांचा संग्रह शासकीय प्रकाशनगृहातून आदल्याच वर्षी निघाला होता. ज्यू हा विषय ऑगस्टमध्ये उघडपणे निषिद्ध झालेला नव्हता. परंतु मिखोएल्सच्या घरी ज्या माणसाने ती दुपार काढली, ज्याच्या नित्य बैठकीत वाइनबर्ग होता, त्याला वारा कोणीकडून वाहू लागला आहे हे कळत नव्हते असे मानणे मला अशक्य वाटते. आज्ञा होती लोकांचे संगीत लिहिण्याची. देशात शंभरावर जमाती असताना शोस्ताकोविचने ज्यांचे नाव लोकांच्या यादीतून पुसले जाण्याच्या बेतात होते त्यांची निवड केली, आणि आज्ञेचे पालन व अंतःकरणाची ओढ या दोन्ही गोष्टी एकाच कृतीत साधल्या. त्यात धैर्य नव्हते असे म्हणवत नाही. पण ते बंडखोराचे नव्हे, ज्याला घरदार आहे आणि भीती वाटते अशा सज्जन माणसाचे धैर्य होते.

त्या शरद ऋतूत वारा झपाट्याने फिरला. इस्रायलची पहिली राजदूत म्हणून आलेल्या गोल्डा मेयर हिला पाहण्यासाठी ऑक्टोबरमध्ये, ज्यू नववर्षाच्या दिवशी, मॉस्कोच्या सिनेगॉगपुढे हजारोंचा समुदाय लोटला, आणि शासनकर्त्यांच्या संशयाला जे हवे होते ते मिळाले. २० नोव्हेंबर रोजी फॅसिस्टविरोधी ज्यू समिती बरखास्त झाली. डिसेंबर-जानेवारीत इत्झिक फेफर, पेरेत्झ मार्किश, लेइब क्वित्को, दाविद बेर्गेल्सोन हे यिद्दिश लेखक एकामागून एक कैद झाले, मिखोएल्सची रंगभूमी १९४९ मध्ये बंद पडली, आणि २८ जानेवारी १९४९ च्या ‘प्रावदा’तील नाट्यसमीक्षकांवरच्या लेखाने ‘मूळ नसलेले विश्वनागरिक’ शोधून काढण्याच्या मोहिमेचा बिगूल वाजविला. ज्या संग्रहातून शोस्ताकोविचने कविता घेतल्या त्याचा संकलक दोब्रुशिन यालाही १९४९ मध्ये अटक झाली. १९५३ मध्ये तो छावणीतच मरण पावला. अशा स्थितीत ज्यू गीतांच्या सार्वजनिक गायनाचा विचार करणेही शक्य नव्हते. माला टेबलाच्या खणात गेली. त्याच सुमारास पूर्ण झालेला पहिला व्हायोलिन कॉन्सर्टो तेथे आधीच होता, आणि ज्यू स्वरांनीच शेवट होणारे चौथे तंतुवाद्यचतुष्टक १९४९ मध्ये त्यांच्या सोबतीला आले.

या काळात बाहेरच्या जगाला जो शोस्ताकोविच दिसत होता तो निराळा होता. १९४९ च्या मार्चमध्ये स्टालिनने त्याला दूरध्वनी केला, न्यूयॉर्क येथील शांतता परिषदेला जाण्यास सांगितले, आणि त्याच्या रचनांवरील बंदी उठविण्यात आली. परिषदेत त्याने इतरांनी लिहून दिलेली भाषणे सोसली. परत येऊन स्टालिनच्या वृक्षारोपण योजनेवर ‘अरण्यांचे गीत’ हा समूहगानाचा प्रबंध रचला आणि त्यासाठी त्याला स्टालिन पारितोषिक मिळाले. या दोन शोस्ताकोविचांना एकाच देहात राहावे लागले, आणि त्यात कोण खरा या प्रश्नाचे उत्तर खणातील कागद देतात.

१२ ऑगस्ट १९५२ रोजी ज्यू समितीशी संबंधित तेराजणांना लुब्यांका तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या. मार्किश, फेफर, क्वित्को, बेर्गेल्सोन त्यांत होते. पुढील वर्षी १३ जानेवारीला, मिखोएल्सच्या पाचव्या स्मृतिदिनीच, वर्तमानपत्रांनी जाहीर केले की क्रेमलिनच्या डॉक्टरांनी राष्ट्रनेत्यांना औषधोपचाराच्या मिषाने मारण्याचा कट केला आहे. आरोपींत बहुसंख्य ज्यू होते, त्यांतील एक प्रमुख मिरोन वोव्सी हा मिखोएल्सचा चुलतभाऊ, आणि या नात्याचा धागा धरून फेब्रुवारीत वाइनबर्गलाही पकडून नेले. शोस्ताकोविचने या मित्रासाठी बेरियाला पत्र लिहिले. नतालियालाही अटक झाली तर तिच्या लहान मुलीचा सांभाळ आपण करू, अशी तजवीज त्याने आणि त्याची पत्नी नीना हिने केली. ज्या दिवसांत ओळखीचे लोक रस्ता ओलांडून पलीकडे जात, त्या दिवसांतील ही गोष्ट आहे. ५ मार्च रोजी स्टालिन मेला, एप्रिलच्या आरंभी डॉक्टर निर्दोष ठरले, आणि त्याच महिन्यात वाइनबर्ग घरी परतला.

खण हळूहळू उघडला. चौथे चतुष्टक १९५३ च्या डिसेंबरमध्ये वाजले. गीतमालेचा प्रथम सार्वजनिक प्रयोग १५ जानेवारी १९५५ रोजी लेनिनग्राडच्या ग्लिंका सभागृहात झाला. नीना दोर्लियाक, झारा दोलुखानोवा आणि अलेक्सेई मास्लेन्निकोव गायले, आणि पियानोवर स्वतः रचनाकार बसला. त्याच्या पत्नीचे अकस्मात निधन होऊन त्या वेळी दीड महिनाही उलटलेला नव्हता. सैबेरियात पाठविलेल्या बापाचे अंगाईगीत सुरू होण्यापूर्वी निवेदकाने, ही हकीकत झारच्या राजवटीतील आहे, असा खुलासा केला तेव्हा सभागृहात दबलेली खसखस पिकली, अशी आठवण सांगितली जाते. छावण्यांतून माणसे नुकतीच परत येऊ लागली होती आणि कोणता सैबेरिया कोणत्या राजवटीतला हे समजावून सांगण्याची श्रोत्यांना गरज नव्हती. आणि जेव्हा चांभाराच्या बायकोने आपले मुलगे डॉक्टर झाल्याची द्वाही फिरविली, तेव्हा दोनच वर्षांपूर्वी त्या शब्दाभोवती जे काहूर माजले होते ते आठवल्यावाचून कोणी राहिला असेल असे वाटत नाही. १९४८ च्या ऑक्टोबरात लिहिताना हा अर्थ शोस्ताकोविचच्या ध्यानीमनी असणे शक्य नव्हते. तो काळाने त्या गीतावर चढविला.

वाद्यवृंदासाठी त्याने १९४८ मध्येच केलेली आवृत्ती मात्र १९६४ पर्यंत अबोल राहिली. त्या वर्षी गोर्की शहरी गेन्नादी रोझ्देस्त्वेन्स्की याच्या संचालनाखाली ती प्रथम वाजली. मधल्या काळात, १८ डिसेंबर १९६२ रोजी, येव्तुशेन्कोच्या कवितांवरील तेरावी सिंफनी मॉस्कोत सादर झाली होती. कीव्हजवळच्या बाबी यार दरीत नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीचे नाव तिच्यात उघडपणे घेतले होते, आणि त्याबद्दल शासनाने तिच्यावर रोष धरून कवितेच्या काही ओळी बदलवून घेतल्या. चौदा वर्षांपूर्वी चार भिंतींच्या आत, एका पियानोच्या आधाराने ज्याचा आरंभ झाला, त्याचेच ते वाद्यवृंदासह भर सभेत केलेले उच्चारण होते. छोट्या रूपाची आस्था शोस्ताकोविचने अखेरपर्यंत सोडली नाही. १९७३ मध्ये मारिना त्स्वेताएवा आणि १९७४ मध्ये मायकेलअँजेलो यांच्या कवितांवर त्याने रचलेल्या गीतमालाही प्रथम आवाज आणि पियानो यांसाठीच होत्या. ९ ऑगस्ट १९७५ रोजी त्याचा मृत्यू झाला.

शेवटच्या तीन गीतांना अनेक समीक्षक शासनाला दिलेली लाच समजतात, आणि ती वगळून पहिली आठच गीते ऐकणारे रसिकही आढळतात. मला हा न्याय मान्य नाही. दहाव्या गीतातील कुरणावरची ती मुलगी आपल्या बासरीला रडू नकोस, जुने दुःख विसर, आनंदाने गा, असे विनविते. आधीची आठ गीते ऐकून आलेल्या कानाला त्या विनवणीत भीती आणि आशा दोन्ही ऐकू येतात. अकराव्यातील आनंद खोटा आहे असेही म्हणता येणार नाही, कारण झारच्या काळात ज्यांना विद्यालयांचे दरवाजे जवळजवळ बंद होते त्या चांभारांचे पुत्र क्रांतीनंतर खरोखरच डॉक्टर झाले होते. त्यांना ते होऊ देणाऱ्या राज्यानेच पुढे त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ही सगळी हकीकत अकरा गीते मिळून सांगतात, आठ सांगत नाहीत. दोर्लियाक, दोलुखानोवा आणि मास्लेन्निकोव यांच्यासह शोस्ताकोविचने स्वतः पियानोवर बसून केलेले या मालेचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. वाचकांनी कवितांचा अर्थ समोर ठेवून ते एकदा तरी आरंभापासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता ऐकावे.